सर्व्हर डाऊन हाय!

जून महिना. दहावी-बारावीचे निकाल लागून गेलेले आणि प्रवेशासाठी कागद जमवायची घाई सुरू झालेली. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रिमिलेअर. किनवटच्या सेवा केंद्रांत सकाळी नऊपासून माणसं बसलेली असतात. कुणी मांडवीहून आलेलं, कुणी इस्लापूरहून, कुणी बोधडीहून. साडेअकराच्या सुमाराला काउंटरच्या आतून ते वाक्य येतं.

"सर्व्हर डाऊन हाय. उद्या या."

कुणी वाद घालत नाही. बाप कागदांची पिशवी आवळतो, लेक त्याच्या मागं निघते. त्यांचा एक दिवस गेला, एसटीचं दोन्ही बाजूंचं तिकीट गेलं, रोजगार बुडाला. पण भांडायचं कुणाशी? पूर्वी कचेरीत "साहेब दौऱ्यावर गेलेत" हे वाक्य जे काम करायचं, तेच आता हे करतं. साहेब निदान संध्याकाळी जीपमधून उतरताना दिसायचे. सर्व्हर कुणालाच दिसत नाही, म्हणून त्याच्या नावावर काहीही खपतं.

माझं मत स्पष्ट सांगतो. हे वाक्य बहुतेक वेळा खरं नसतं. म्हणणारा खोटारडा असतो असं नाही. त्यानं तपासलेलं नसतं, एवढंच. पडद्यावर काहीतरी अडलं आणि कुठं अडलं ते कळलं नाही, की बिघाड आपोआप सगळ्यात लांबच्या टोकाला ढकलला जातो. नेमकं कुठं अडलंय हे शोधण्याचं एक शास्त्र आहे. तांत्रिक मदतीच्या नोकरीत, मग ती पुण्याच्या हिंजवडीत असो की तालुक्याच्या गावात, पगार त्याच शास्त्राचा मिळतो. दुरुस्ती नंतर येते आणि पुष्कळदा ती अगदीच क्षुल्लक निघते.

आधी वाट बघू. काउंटरवर माणसानं अंगठा ठेवला, की तिथून निघालेला निरोप किती हातांतून जातो? अंगठ्याचं यंत्र, त्याची यूएसबी वायर, कॅबिनेट, आतली विंडोज, ब्राउझर. मग वायफाय किंवा लॅनची वायर, राउटर, भिंतीवरची फायबरची डबी, खांबावरून गेलेली केबल, गावातलं एक्स्चेंज, नांदेड, आणि तिथून पुढं मोठ्या शहरांचा रस्ता. राज्य सरकारचं डेटा सेंटर मुंबईत. आधारची डेटा सेंटरं दोन, एक बंगळूरुच्या हेब्बाळला आणि दुसरं हरियाणातल्या मानेसरला. म्हणजे किनवटच्या कापूस वेचणाऱ्या बाईचा अंगठा खरा की खोटा, हे ठरतं शेकडो किलोमीटर दूर, दुसऱ्याच राज्यात. निजामाच्या राज्यात किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं, १९५६ साली ते नांदेड जिल्ह्यात आलं. दप्तर आदिलाबादहून नांदेडला आलं, आता ते कुठं आहे हे गावात कुणालाच सांगता यायचं नाही.

अंतराची मात्र काळजी नको. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सातशे किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन सात मिलिसेकंद. वाटेतली यंत्रं आपापला वेळ घेतात, केबल सरळ रेषेत जात नाही, तरी सगळं मिळून पापणी लवायच्या आत आटोपतं. लांब आहे म्हणून अडत नाही. अडतं ते कुठल्यातरी एका सांध्यावर.

हे सांधे तपासायची पद्धत आपल्या शेतकऱ्याला चांगली माहीत आहे. विहिरीपासून शेवटच्या वावरापर्यंत पाइपलाइन आहे, मोटार चालू आहे आणि टोकाला पाणी येत नाही. सोळा सांधे आहेत. शहाणा माणूस पहिल्या सांध्यापासून उकरत बसत नाही. तो मधल्या व्हॉल्व्हवर जातो. तिथं पाणी आलं, तर अलीकडचे आठ सांधे निर्दोष. नाही आलं, तर पलीकडच्या आठांकडं तूर्त बघायची गरज नाही. मग आठातला मधला, चारातला मधला, दोनातला एक. सोळा सांध्यांना चार तपासण्या पुरतात. बत्तीस असते, तर पाच. मोठमोठ्या कंपन्यांत ज्याला बिघाडाचं निदान म्हणतात ते याहून फार वेगळं नसतं.

कॉम्प्युटरच्या वाटेवरचा मधला व्हॉल्व्ह म्हणजे दोन साधे प्रश्न. पहिला: याच कॉम्प्युटरवर दुसरी एखादी वेबसाइट उघडते का? दुसरा: हीच वेबसाइट कुणाच्या तरी मोबाइलवर, वायफाय बंद करून, सिमकार्डाच्या इंटरनेटवर उघडते का? दोन्हींची उत्तरं मिळायला एक मिनिट लागतं. कॉम्प्युटरवर बाकी साइट चालतात आणि ही मोबाइलवरही उघडत नाही, तर संशय लांबच्या टोकावर घ्यायला हरकत नाही. मोबाइलवर ही उघडते आणि कॉम्प्युटरवर एकही साइट उघडत नाही, तर बिघाड दुकानात किंवा दुकानाबाहेरच्या खांबावर. मोबाइलवर ही उघडते, कॉम्प्युटरवर बाकी साइटही उघडतात आणि फक्त हीच अडते, तर त्या एका कॉम्प्युटरच्या पोटात काहीतरी आहे. आणि मोबाइलवरही काहीच उघडत नसेल, तर आधी मोबाइलच्या पट्ट्या मोजा. त्या साक्षीदाराचं काही खरं नाही. "सर्व्हर डाऊन" म्हणायचा हक्क फक्त पहिल्या उत्तराला आहे, तोही अर्धाच.

याहून बारीक बघायचं तर पिंग नावाची आज्ञा आहे. अमेरिकेतल्या माइक म्यूस या माणसानं १९८३च्या डिसेंबरात हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडीतून सोडलेला आवाज समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो, त्या आवाजावरून त्यानं नाव ठेवलं. काळ्या खिडकीत पत्ता टाकून एंटर दाबायचं आणि परतीचा आवाज येतो का बघायचं. आधी १२७.०.०.१, म्हणजे कॉम्प्युटरनं स्वतःलाच मारलेली हाक. मग राउटर, ज्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो. मग ८.८.८.८, हा गुगलचा पत्ता, बाहेरच्या जगाचा साक्षीदार म्हणून ठीक. जिथून उत्तर येणं थांबलं, त्याच्या अलीकडच्या सांध्यात हात घालायचा. एक सावधगिरी: पुष्कळ सरकारी साइट सुरक्षेसाठी पिंगला उत्तरच देत नाहीत, म्हणून त्या साइटला पिंग मारून "बघा, मेलाय" असं जाहीर करू नये. आणि कॉम्प्युटरचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर त्याला राउटरनं पत्ताच दिलेला नाही. बाहेरगावी जायचं आहे आणि घराला दार नाही, अशी ती स्थिती. वायर निसटलेली असते नाहीतर राउटर झोपलेला असतो.

आता दुकानातल्या आजारांकडं येऊ, कारण मुक्काम जास्त तिथंच पडतो.

माझा सगळ्यात आवडता बिघाड घड्याळाचा आहे. कॅबिनेटच्या आत मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो. त्याचं नाव सीआर २०३२. नावातच माप आहे: वीस मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. तीन व्होल्टचा. कॉम्प्युटर बंद असताना आतलं घड्याळ तो चालवतो. त्या घड्याळात क्वार्ट्झचा एक खडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो; हा आकडा म्हणजे पंधरा वेळा दोन मांडून केलेला गुणाकार, त्यामुळं पंधरा वेळा निम्मं करत गेलं की बरोबर एक सेकंद हातात येतो. चार-पाच वर्षांनी सेल संपतो. तोपर्यंत कुणाला कळतही नाही. मग एके रात्री वीज जाते, सकाळी कॉम्प्युटर उठतो आणि त्याच्या लेखी तारीख कित्येक वर्षं मागं गेलेली असते.

यानं वेबसाइटचं काय बिघडतं? प्रत्येक सुरक्षित साइट आपलं एक प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असं लिहिलेलं असतं. ब्राउझर स्वतःच्या घड्याळात बघतो. त्याच्या हिशोबानं हे प्रमाणपत्र अजून जन्माला यायचं आहे! तो दार लावून घेतो. तहसीलची साइट बंद, बँकेची बंद, विद्यापीठाची बंद, सगळंच बंद. पडद्यावर लाल खूण आणि इंग्रजीत तंबी: तुमचं घड्याळ मागं आहे. म्हणजे रोग अगदी सरळ शब्दांत लिहून दिलेला असतो. पण लाल खूण बघूनच माणूस खिडकी बंद करतो आणि बाहेर सांगतो, सर्व्हर डाऊन. दवा काय, तर कोपऱ्यातलं घड्याळ बरोबर करा आणि तीस-चाळीस रुपयांचा सेल बदला.

उष्णता आणि धूळ यांचं काय सांगायचं, मराठवाड्यात राहणाऱ्याला ते अंगावर माहीत आहे. कापसाचा मुलूख. हवेतली तंतूची बारीक पिंज पंख्यामागच्या जाळीवर गोधडीसारखी बसते. पत्र्याच्या दुकानात मे महिन्यात प्रोसेसर तापला, की तो आधी स्वतःच वेग कमी करतो आणि शंभर अंशांच्या आसपास गेला की जीव वाचवायला बंद पडतो. "कॉम्प्युटर हँग होतोय, सर्व्हर स्लो हाय" ही दुपारी दोनची तक्रार रोज सकाळी आपोआप बरी होत असेल, तर ब्रश घ्या. पावसाळ्यात उलटं. रॅमच्या पट्टीवरच्या सोनेरी दातांवर ओलाव्यानं थर धरतो, कॉम्प्युटर नुसता टूं-टूं करतो. पट्टी काढायची, पोरांच्या दप्तरातलं खोडरबर हलकेच फिरवायचं, परत बसवायची. गल्लीतल्या प्रत्येक मेकॅनिकला हे ठाऊक आहे आणि ग्राहकासमोर तो ते जरा पाठ फिरवूनच करतो. लेझर प्रिंटर यूपीएसला जोडू नये, हेही इथंच सांगून टाकतो. कागदावर शाई वितळवून बसवणारा त्याचा रूळ दोनशे अंशांच्या घरात तापतो आणि तापताना एकदम एवढी वीज ओढतो, की लहान यूपीएस मान टाकतो आणि त्याच्याबरोबर कॉम्प्युटरही.

मग "अंगठा उठंना" हा प्रकार. इथं थोडं थांबू, कारण एकाच तक्रारीच्या पोटात दोन पूर्ण वेगळे आजार आहेत आणि पडद्यावरचा मजकूर वाचला तर ते चटकन वेगळे होतात.

पहिला आजार: "डिव्हाइस नॉट रेडी" किंवा "आरडी सर्व्हिस नॉट फाउंड". आधारशी बोलणाऱ्या प्रत्येक अंगठ्याच्या यंत्राबरोबर आरडी सर्व्हिस नावाचा एक प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर बसवावा लागतो. यंत्र आणि ब्राउझर यांच्यातला हा दुभाषा. ब्राउझर त्याला शोधतो तो त्याच कॉम्प्युटरवर, मघाच्या १२७.०.०.१ या घरच्या पत्त्यावर, १११०० ते १११२० या क्रमांकांच्या दारांवर टकटक करून. आतून कुणी ओ दिली नाही की हा संदेश येतो. निरोप टेबलाच्या बाहेर पडलेलाच नाही. बंगळूरुला तर कुणी विचारलंही नाही. वायर कॅबिनेटच्या पुढच्या ढिल्या यूएसबीतून काढून मागच्या बाजूला लावा, आरडी सर्व्हिस बंद करून पुन्हा सुरू करा, आणि परवाच्या विंडोज अपडेटनं किंवा नव्या अँटिव्हायरसनं तिला अडवलं नाही ना ते बघा.

दुसरा आजार: पडद्यावर ३०० हा क्रमांक येतो. आधारच्या भाषेत याचा अर्थ, बोटाचा ठसा जुळला नाही. आता जरा विचार करा. जुळला नाही, हे कुणी सांगितलं? लांबच्या सर्व्हरनंच. अंगठा तिथंवर पोचला, ताडून बघितला गेला, नकार परत आला. सर्व्हर डाऊन असता तर नकार द्यायला कोण होतं? आणि तरीही ३०० बघून "सर्व्हर डाऊन" म्हणणारे आहेत! इथं औषध माणसाच्या बोटावर करायचं. काचेवर बोटाच्या रेषा जिथं टेकतात तिथं प्रकाशाचं परावर्तन मोडतं, त्यावरून यंत्र ठसा घेतं. कोरडं, भेगाळलेलं बोट काचेला नीट टेकतच नाही आणि रेषा तुटक येतात. वर्षानुवर्षं कापूस वेचलेला, विळा धरलेला अंगठा असाच असतो. बोट धुवा, पुसा, किंचित ओलसर करा, दुसरं बोट घ्या. यंत्राची काच पुसा, तिच्यावर आधीच्या दहा जणांचं तेल असतं. तरी नाही जमलं तर ओटीपी, बुबुळ, चेहरा हे पर्याय जिथं दिले असतील तिथं वापरा. आपल्याच महाराष्ट्रातल्या टेंभली गावात, नंदुरबार जिल्ह्यात, २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. तेव्हापासून आजवर शेतमजुराचा अंगठा हा या सगळ्या व्यवस्थेचा सगळ्यात अवघड सांधा राहिलेला आहे, आणि तो यंत्र बदलून सुटणारा नाही.

असाच एक गैरसमज "नोंद आढळली नाही" या वाक्याभोवती आहे. मुखेड तालुक्यातलं बाऱ्हाळी घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका तऱ्हेत त्यासाठी स्वतंत्र अक्षर आहे; दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यामागं एक अदृश्य जोडखूण. डोळ्यांना दोन्ही सारखेच. कॉम्प्युटरला मात्र ते दोन वेगळे शब्द. यादी भरताना एकानं एक वापरला आणि शोधताना दुसऱ्यानं दुसरा, की माणूस असूनही सापडत नाही. अशा वेळी नावानं शोधू नका, गट क्रमांकानं किंवा आकड्यानं शोधा. आकड्याला असले दोन अवतार नसतात.

दुकान निर्दोष ठरलं, आता बाहेर पडू. भिंतीवरच्या फायबरच्या डबीवर दिव्यांची ओळ असते. त्यात "लॉस" लिहिलेला दिवा लाल लागला, तर काचेच्या तंतूतून येणारा प्रकाश थांबलेला आहे. राउटर दहा वेळा बंद-चालू करून हा लाल दिवा जात नाही. रस्त्याच्या कामाच्या जेसीबीनं केबल उखडली असेल, ट्रकनं खांबावरची तोडली असेल, किंवा घरातच कुणी कपाट सरकवताना पिवळी वायर काटकोनात दाबली असेल. काचेतला प्रकाश हलक्या वळणानं वळतो, पण घडी घातली की बाहेर सांडतो. शेवटची शक्यता आपल्या हातातली आहे, ती आधी बघा. त्या तंतूच्या टोकात डोळा लावून प्रकाश दिसतो का ते मात्र बघू नका. तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही आणि डोळ्याला चांगलाही नाही.

कधी कधी सर्व्हर जागेवर ठणठणीत असतो आणि त्याच्याकडं जाण्याच्या वाटाच पुसल्या जातात. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सगळ्या जगात सुमारे सहा तास गायब झालं. देखभालीच्या एका चुकीच्या आज्ञेनं त्यांच्या केंद्रांना जोडणारा कणा तुटला आणि इंटरनेटवरच्या नकाशांतून त्यांच्या पत्त्याच्या पाट्या निघून गेल्या. आतली यंत्रं शाबूत होती, पण दुरुस्तीसाठी लागणारी कंपनीची स्वतःची साधनंही त्याच जाळ्यावर चालत होती, म्हणून इंजिनिअरांना प्रत्यक्ष डेटा सेंटरवर धाडावं लागलं. उलट बाजूचं उदाहरण १९ जुलै २०२४ चं. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रॅमचं एक सदोष अपडेट गेलं आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बसले. हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. यात तर प्रत्येक टेबलावरचं यंत्रच पडलं होतं. पुष्कळ ठिकाणी माणसानं एकेका यंत्रापाशी जाऊन, ते सेफ मोडमध्ये चालू करून, ती एक फाइल काढून टाकली. एवढ्या मोठ्या कंपन्यांचा शेवटचा उपाय गल्लीतल्या मेकॅनिकचाच होता, हे मला फार समाधान देतं.

आणि कधी कधी सर्व्हर खरोखर मान टाकतो. तोही बहुधा मरत नाही, गर्दीनं गुदमरतो. १९०९ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलांग या गणितज्ञानं रांगांचं गणित मांडलं. त्यातून जे शास्त्र उभं राहिलं ते असं सांगतं: एक खिडकी आहे, एका माणसाला सरासरी एक मिनिट लागतं, माणसं मनाला येईल तेव्हा येतात. खिडकीच्या ताकदीच्या निम्मी गर्दी असेल, तर रांगेत सरासरी एक मिनिट थांबावं लागतं. ताकदीच्या ९० टक्के झाली, तर नऊ मिनिटं. ९५ टक्के झाली, तर एकोणीस! गर्दी जराशी वाढते आणि ताटकळणं दुप्पट होतं. २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चारला अठरा वर्षांवरच्यांसाठी कोविनवर लसीची नोंदणी उघडली, तेव्हा पहिल्याच दिवशी एक कोटीहून जास्त नोंदी झाल्या आणि सुरुवातीला लोकांचे पडदे गोठले होते. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले, तेव्हा गावोगावच्या केंद्रचालकांनी रात्री बसून अर्ज भरले. त्यांना एरलांगचं नाव माहीत नव्हतं, गणित मात्र बरोबर कळलं होतं. अशा वेळी एफ-५ दाबत राहणं म्हणजे रांगेतल्या प्रत्येकानं दर मिनिटाला आणखी एक माणूस आणून उभा करणं. पैसे कटले आणि पावती आली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. व्यवहाराचा क्रमांक लिहून घ्या, तासाभरानं त्या क्रमांकाची स्थिती तपासा.

खरा सर्व्हर डाऊन ओळखायचा कसा? पडद्यावरच्या तीन आकड्यांवरून. चारनं सुरू होणारा क्रमांक, समजा ४०४, म्हणजे तुमच्या मागणीत काहीतरी आहे: पान हललं, पत्ता चुकला, परवानगी नाही. पाचनं सुरू होणारा, ५००, ५०२, ५०३, ५०४, म्हणजे चूक पलीकडची. ५०३ला तर "आत्ता जमणार नाही" असाच अर्थ आहे. हे आकडे आले तर काउंटरवरच्या माणसानं बिनधास्त ते वाक्य म्हणावं. मी त्याच्या बाजूनं साक्ष देईन.

एवढं झालं तरी निम्मंच झालं, कारण बिघाड फोनवरून कळतो तो माणसाच्या तोंडून.

"दादा, कॉम्प्युटर चालंना गेलाय."

"चालंना म्हंजे? बटण दाबलं की पंख्याचा आवाज येतो का?"

"येतो की."

"मग स्क्रीनवर काय दिसतंय?"

"काहीच नाही. नुसतं लिहून आलंय."

"काय लिहून आलंय?"

"इंग्लिशमधी हाय."

इथं चिडणारा माणूस या धंद्यात टिकत नाही. "एकेक अक्षर सांग" म्हटलं, की "एन, ओ, मग एस, आय, जी..." असं येतं. नो सिग्नल. पडद्याची वायर निसटलेली. पण "वायर लावली आहे का?" असं कधी विचारू नये, उत्तर नेहमी "हो" येतं, कारण प्रश्नात माणसाच्या अकलेवर शंका आहे. "वायर काढ, टोकावर फुंकर मार, परत घट्ट बसव" असं सांगावं. त्यात अपमान नाही आणि वायर बसते. "काय बदललं?" असंही विचारू नये, "काहीच नाही" हे उत्तर ठरलेलं. "काल कोण बसलं होतं कॉम्प्युटरवर?" असं विचारलं की भाच्यानं टाकलेला गेम निघतो.

सगळ्यात बदनाम सल्ला म्हणजे "बंद करून चालू कर". त्याच्यावर विनोद होतात, पण तो निर्बुद्ध नाही. दिवसभरात प्रोग्रॅम मेमरी अडवून बसतात, एखादा अर्ध्यात अडकतो, प्रिंटरच्या रांगेत एक फुटका कागद पुढच्या सगळ्यांना रोखतो. पुन्हा सुरुवात केली की पाटी कोरी. फक्त यात एक गोम आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, "शट डाऊन" केल्यावर विंडोज आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच उचलते, उठायला वेळ लागू नये म्हणून. त्यामुळं आजार रात्रभर डब्यात राहून सकाळी परत ताटात येतो. पाटी खरी कोरी होते ती "रिस्टार्ट"नं. दोन्ही एकच समजणारे कित्येक जण तीन दिवस शट डाऊन करतात आणि चौथ्या दिवशी फॉरमॅट मारतात.

दुरून तुमचा कॉम्प्युटर बघू देणारी ॲपं या कामात फार उपयोगी आहेत, पण ती ओळखीच्याच माणसाला द्या. अनोळखी फोनवरून कुणी "ॲप टाका, मी दुरुस्त करतो" म्हणालं, तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर मदतक्रमांकावर तातडीनं कळवा.

आता काउंटरच्या बाहेर बसणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या वेळी "सर्व्हर डाऊन हाय" ऐकलं, की उठून जाऊ नका. नम्रपणे विचारा, "दादा, स्क्रीनवर काय लिहून आलंय?" आणि मोबाइलवर त्याचा फोटो घ्या. दुरुस्ती करणाऱ्याला तोंडी वर्णनापेक्षा तो फोटो शंभरपट उपयोगी पडतो. नुसत्या लाल चौकटीचा घेऊ नका, पूर्ण पडद्याचा घ्या. वरचा पत्ता आणि खाली उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ त्यात आलं पाहिजे.